स्प्रिंग सेशन आणि रेडिस: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं विम्याच्या दाव्यांच्या नोंदीचं ॲप चार टॉमकॅट (जावातली वेब ॲप्स चालवणारा प्रोग्राम) सर्व्हरवर चालतं. गेल्या वर्षापर्यंत प्रत्येक सर्व्हर आपापली सेशन्स (लॉगिन केलेल्या माणसाच्या चालू कामाची तात्पुरती नोंद) स्वतःच्या मेमरीत ठेवायचा आणि विनंत्या सर्व्हरांत वाटणारा लोड बॅलन्सर एका माणसाला कायम त्याच सर्व्हरकडे पाठवायचा. नवी आवृत्ती चढवायला दिवसा एखादा सर्व्हर बंद केला की त्यावरची माणसं दुसऱ्याकडे जायची. तिथे त्यांची काहीच नोंद नसायची, त्यामुळे थेट लॉगिनचं पान समोर यायचं. सात पानांचा फॉर्म पाचव्या पानापर्यंत आणलेल्या शाखेतल्या ताईंनी तो पुन्हा पहिल्यापासून भरायचा. हे टाळायला आम्ही डिप्लॉय, म्हणजे नवी आवृत्ती चढवणं, रात्री अकरानंतर करायचो. तेवढ्यासाठी स्प्रिंग सेशन ही सेशन सर्व्हरबाहेर ठेवणारी जावा लायब्ररी घेतली आणि सगळी सेशन्स रेडिस या मेमरीत चालणाऱ्या सामायिक डेटा स्टोअरमध्ये हलवली.

जोडणीला एक दुपार पुरली, आणि त्याचं मनापासून कौतुक आहे. ते येणारी विनंतीच एका फिल्टरमध्ये गुंडाळून घेतं, त्यामुळे सेशन वापरणारी जुन्या कोडमधली एकही ओळ बदलावी लागली नाही. पण घर बदलताना माळ्यावरचं सगळं खाली काढावं लागतं ना, तसं पुढे झालं. अकरा वर्षांत ज्याला जे हाताशी हवं होतं ते त्याने सेशनमध्ये टाकून ठेवलं होतं. मेमरीत होतं तोवर चालून गेलं. ऑब्जेक्टचे बाइट्स करून (यालाच सिरियलायझेशन म्हणतात) बाहेर पाठवायची वेळ आली तेव्हा एकेक गोष्ट उघडी पडली.

पहिल्याच दिवशी नॉटसिरियलायझेबलएक्सेप्शन आलं, म्हणजे एका ऑब्जेक्टचे बाइट्स करता येत नाहीत ही चूक. स्प्रिंग मूळ चूक दोन-तीन थरांत गुंडाळून देतं, म्हणून ट्रेसमधलं (चूक कुठून कुठून आली त्याची यादी) सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय' आधी वाचायचं. तिथे नाव होतं आमच्या दावा सेवेच्या क्लासचं. आता सर्व्हिस क्लास सेशनमध्ये ठेवतं कोण? आम्ही कोडभर शोधलं, कुठेच सापडेना. मग जेव्हीएमला (जावा चालवणारं इंजिन) 'सन.आयओ.सिरियलायझेशन.एक्स्टेंडेडडीबगइन्फो' हा फ्लॅग ट्रू करून दिला. त्याने कुठल्या ऑब्जेक्टच्या कुठल्या फील्डमधून चूक आली ती अख्खी वाट लॉगमध्ये छापली: यादी, यादीतली ओळ, आणि त्या ओळीतलं 'धिस डॉलर शून्य' नावाचं फील्ड. हे फील्ड आम्ही कोणी लिहिलंच नव्हतं. ओळीचा क्लास सेवेच्या क्लासच्या पोटात लिहिलेला होता, त्यावर स्टॅटिक नव्हतं, म्हणून कंपायलरने बाहेरच्या ऑब्जेक्टचा धागा त्यात आपणहून बांधला होता. ओळ सिरियलायझेबल होती, पण ती सेवेला ओढून आणत होती आणि सेवा डेटासोर्सला, म्हणजे डेटाबेसच्या जोडणीला. 'स्टॅटिक' हा एक शब्द लिहिला आणि प्रकरण मिटलं. या कामात पडणाऱ्या कोणालाही मी तो फ्लॅग पहिल्या दिवसापासून टेस्ट सर्व्हरवर लावायला सांगेन, आमचे दीड दिवस तो न लावल्याने गेले.

ही चूक निदान ओरडून सांगते. दुसरी गप्प बसते, आणि तिने जास्त त्रास दिला. शाखेतून फोन आला की तिसऱ्या पानावर वारसदाराचं नाव जोडलं, 'जतन झालं' असा हिरवा संदेशही दिसला, पण चौथ्या पानावर यादी रिकामी. लॉगमध्ये एक ओळ नाही. कोड असा होता: गेटॲट्रिब्यूटने सेशनमधून फॉर्म घ्यायचा, त्यातल्या यादीत नाव ॲड करायचं, बस्स. मेमरीत तोच ऑब्जेक्ट असल्याने पूर्वी हे पुरायचं. रेडिसमध्ये मात्र मुळात सेटॲट्रिब्यूट केलेलीच ॲट्रिब्यूट्स (सेशनमध्ये नावाने ठेवलेल्या गोष्टी) परत लिहिली जातात. त्या विनंतीपुरता बदल दिसतो आणि विनंती संपली की हरवतो. स्प्रिंग सेशनचा सेव्हमोड 'ऑन गेट ॲट्रिब्यूट' केला की वाचलेलं ॲट्रिब्यूटही परत लिहिलं जातं. तातडी म्हणून आम्ही तो लावला आणि त्या दिवशीचं काम चालू झालं. पण मग नुसतं वाचणाऱ्या पानांवरही लिहिणं व्हायला लागलं. शेवटी अशी एकोणीस ठिकाणं शोधून हाताने सेटॲट्रिब्यूट घातलं आणि मोड मूळपदावर आणला.

मग आलं इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन. क्लासमध्ये सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा आकडा) लिहिलेला नसेल तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढतं, आणि एक पब्लिक मेथड वाढवली तरी आकडा बदलतो. जुना आणि नवा सर्व्हर शेजारी चालत असताना एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईना. म्हणजे ज्या दिवसाढवळ्याच्या डिप्लॉयसाठी हा सगळा खटाटोप, तोच अडला. आकडा लिहून पक्का केला. त्यानंतर नवीन शेऱ्यांची यादी असलेलं फील्ड वाढवलं, तिथेच नव्या ॲरेलिस्टने भरलेलं, तरी जुन्या सेशनमधून ते नल, म्हणजे रिकामं, आलं. सिरियलायझेबल क्लासचा ऑब्जेक्ट बाइट्समधून परत उभा राहताना त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) चालत नाही आणि फील्डसमोर लिहिलेली सुरुवातीची किंमतही भरली जात नाही. ट्रान्झियंट (बाइट्समध्ये न जाणाऱ्या) फील्डचंही तसंच. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण दुपारी साडेतीनला नलपॉइंटर बघितल्यावर ते खरं कळलं. आता अशा क्लासमध्ये बाइट्समधून परत येताना चालणारी रीडऑब्जेक्ट मेथड लिहून रिकामी फील्ड्स भरतो.

लॉगिन सांभाळणारी स्प्रिंग सिक्युरिटी ५.७ वरून ५.८ ला नेतानाही हेच झालं. त्यांच्या क्लासेसचा आकडा तेव्हा त्यांच्या आवृत्तीला बांधलेला होता, त्यामुळे लॉगिनची माहितीच वाचता येईना. इथे कसलीही युक्ती करत बसू नका. आम्ही सेशनचा नेमस्पेस (रेडिसमधल्या नावांचा सुरुवातीचा भाग) बदलला, त्या एका रात्री सगळ्यांना पुन्हा लॉगिन करायला लावलं आणि शाखांना आधी कळवलं. रेडिसमध्ये इतरही डेटा असेल तर सगळंच पुसणाऱ्या फ्लशऑलला हात लावू नका.

आकाराचं दुखणं सगळ्यात उशिरा कळलं. ॲप दुपारी जड व्हायचं. रेडिसमध्ये एका सेशनच्या फील्ड्सवर एचस्ट्रलेन (फील्डची लांबी सांगणारी आज्ञा) चालवून बघितलं तर एकटं 'चालू दावा' हे ॲट्रिब्यूट दोन मेगाबाइटच्या वर. कोणीतरी हायबरनेटची (डेटाबेसच्या नोंदींचे ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी) अख्खी एन्टिटी, म्हणजे नोंदीचा पूर्ण ऑब्जेक्ट, ठेवली होती. दाव्यामागे ग्राहक, ग्राहकामागे पॉलिसी, पॉलिसीमागे कागदपत्रं, सगळी वरात. आणि प्रत्येक विनंतीला सेशन पूर्ण वाचलं जातं. तिथे फक्त दाव्याचा क्रमांक ठेवला, बाकी डेटाबेसमधून घेतो. आता नियमच केला आहे: सेशनमध्ये क्रमांक, छोटी यादी आणि अर्धवट भरलेला फॉर्म, याखेरीज काही नाही.

ऑब्जेक्टचा वाचता येणारा मजकूर करणारा जेसन सिरियलायझर दोन आठवडे वापरून बघितला. रेडिसमधला डेटा डोळ्यांनी वाचता येतो हे सुख आहे, पण सिक्युरिटीच्या क्लासेससाठी जॅक्सन या जेसन लायब्ररीची वेगळी मॉड्यूल्स लागतात आणि आमचे जुने क्लास अलाउलिस्टमध्ये (उघडायला परवानगी असलेल्यांची यादी) एकेक घालता घालता जीव गेला. म्हणून जावाच्या मूळ सिरियलायझेशनवर परतलो. त्याचा धोका आम्हाला ठाऊक आहे. परके बाइट्स उघडताना काय होऊ शकतं हे २०१५ मध्ये कॉमन्स कलेक्शन्स या जावा लायब्ररीच्या प्रकरणाने सगळ्यांना दाखवलं. म्हणून रेडिसला पासवर्ड आहे, ते आतल्या नेटवर्कबाहेर दिसत नाही, आणि जावा ९ पासून मिळणारा सिरियलफिल्टर (कुठले क्लास उघडू द्यायचे ते ठरवणारा) लावला आहे.

एक छोटी गोष्ट फार उपयोगी पडली. सेशनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक क्लासचा भरलेला नमुना घेऊन त्याचे बाइट्स करून परत ऑब्जेक्ट करणारी टेस्ट बिल्डमध्ये टाकली. ॲपच्या वेबडॉटएक्सएमएल या सेटिंग्जच्या फाइलमधल्या 'डिस्ट्रिब्युटेबल' (ॲप अनेक सर्व्हरवर चालेल असं सांगणारी खूण) या एकट्यावर विसंबू नका, टॉमकॅट त्यात फक्त वरचा ऑब्जेक्ट सिरियलायझेबल आहे का एवढंच बघतो, पोटातलं बघत नाही.

एकाच सर्व्हरवर काम भागत असेल तर याच्या वाटेला जायची गरज नाही, रेडिस सांभाळणं हेही एक कामच आहे. आमच्यासारखे तीन-चार सर्व्हर असतील तर नक्की घ्या, फक्त सेशन साफ करायला दोन महिने हाताशी ठेवा. आम्ही गेल्या मंगळवारी दुपारी दोनला चारही सर्व्हर एकामागून एक बदलले, शाखांतून एकही फोन आला नाही. दोन टॅबचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. एकाच माणसाने दोन टॅबमध्ये दोन दावे उघडले तर नंतर जतन केलेला फॉर्म आधीच्यावर लिहिला जातो. ॲट्रिब्यूटच्या नावात दाव्याचा क्रमांक घालून बघतोय. नवीन दाव्याला पहिल्या पानावर क्रमांकच नसतो, तिथे सध्या अडलं आहे.