नूकमधली वॉकिंग टूर: जमलं तर नक्की करा

नूकला, म्हणजे ग्रीनलंडच्या राजधानीत, कोपनहेगनहून आता डायरेक्ट फ्लाइट आहे, म्हणून आम्ही जूनमध्ये चार दिवस जाऊन आलो आणि सगळ्यात जास्त काय आवडलं तर ही दोन तासांची वॉकिंग टूर.

सुरुवात जुन्या बंदरापासून होते. तिथं पाण्यातच इनुइट (इथले मूळ लोक) लोककथेतल्या 'समुद्राच्या आई'चा दगडी पुतळा आहे, भरतीला ती पाण्याखाली जाते, आम्हाला ओहोटी मिळाली त्यामुळे नीट बघता आली. आणि वर टेकडीवर १७२१ला आलेल्या आणि इथं डेन्मार्कच्या वसाहतीची सुरुवात करणाऱ्या हान्स एगेड या मिशनऱ्याचा पुतळा. एक वर, एक खाली, गाइडताईंनी काही न बोलता नुसतं दोन्हीकडे बोट दाखवलं, मला तेवढंच पुरलं.

पण खरी मजा पुढं आली. ग्रुपमधल्या एकानं सहज विचारलं की नवीन एअरपोर्टला पैसे कोणी दिले, आणि ताई अर्धा तास बोलायच्या थांबल्याच नाहीत. ग्रीनलंडचा कारभार स्वतःचा असला तरी देश डेन्मार्कच्या राज्याचाच भाग आहे. झालं असं की २०१७मध्ये विट्टूस कुयाउकित्सॉक हे नेते तेव्हाच्या सत्ताधारी सिउमुत पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक पंतप्रधान किम किल्सन यांच्याकडून हरले, बाहेर पडले आणि 'नुनात्ता कितोर्नाई' नावाचा स्वतंत्र ग्रीनलंडसाठीचा पक्ष काढला, नावाचा अर्थ साधारण 'आपल्या भूमीची लेकरं'. २०१८च्या निवडणुकीत ३.४ टक्के मतं, म्हणजे हजाराच्या आसपास, संसदेत ३१पैकी १ सीट. आमच्या गावच्या सरपंचाला याहून जास्त मतं पडतात! पण त्या एका सीटवर ते किल्सन यांच्याच सरकारमध्ये गेले. मग एअरपोर्टसाठी डेन्मार्कचा पैसा घ्यायचं ठरलं तेव्हा दुसरा स्वातंत्र्यवादी पक्ष नालेराक रागावून सरकारमधून बाहेर पडला, आणि कुयाउकित्सॉक मात्र राहिले, पुढं अर्थमंत्री झाले. २०२१ला २.४ टक्क्यांवर आले आणि ती सीटही गेली. नालेराकला मात्र २०२५मध्ये ८ जागा मिळाल्या, तरी तेव्हा सरकारच्या बाहेरच राहिला.

मला हे ऐकून खरंच गलबलून आलं कारण आपण बातम्यांत फक्त ग्रीनलंड हवं म्हणणारी अमेरिका काय म्हणते तेवढंच बघतो, आणि इथं जेमतेम ५७ हजार माणसं आपसात किती वर्षं हाच विचार करतायत की डेन्मार्कपासून सुटायचं कधी आणि कसं, डेन्मार्ककडून दरवर्षी येणारे जवळपास चार अब्ज क्रोनर थांबले तर शाळा-दवाखाने कशावर चालवायचे. २००९च्या स्वशासन कायद्यात स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडच्या लोकांचा असं सरळ लिहिलंय, त्यामुळे हक्क आहे का हा वादच नाही, भांडण आहे ते वेगाचं. एवढं स्पष्ट मला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवट कालालिआराक मार्केटमध्ये, शिकारी-कोळ्यांचा माल, टेबलावर सीलचं मांस, मासे, सगळं ताजं. वास उग्र आहे, मला आवडलं.

तक्रारी दोन. बुकिंगला म्युझियमचं तिकीट धरलेलं आहे असं वाटेल असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात वेगळं काढावं लागलं. आणि आम्ही वीस जण होतो, वारा एवढा की मागच्यांना निम्मं ऐकू येत नव्हतं, माइक हवाच होता. तेव्हा जाकीट जाड घ्या, गाइडच्या अगदी शेजारी चाला आणि एअरपोर्टचा विषय तुम्हीच काढा.