जर्नलसीटीएल : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरातील उद्यमनगरमध्ये एका मशीन शॉपच्या दोन लिनक्स सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. एकावर बिलिंग आणि स्टॉकचा डेटाबेस चालतो, तर दुसरा रोज रात्री त्याचा बॅकअप घेतो. पूर्वी काही बिघडले की मी लॉगच्या, म्हणजे सिस्टीममधल्या घडामोडींच्या नोंदींच्या, फोल्डरमध्ये जाऊन एकेक फाइल उघडत असे, शब्द शोधणारे ग्रेप लावत असे आणि मागच्या आठवड्याची फाइल झिप झालेली असली तर ती वेगळी उघडून पुन्हा पहिल्यापासून शोध घेत असे. नऊ महिन्यांपूर्वी बॅकअपच्या सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती बसवली. या आवृत्तीत लॉगच्या साध्या फाइली लिहिणारे आरसिसलॉग आपोआप बसवले जात नाही, त्यामुळे सवयीची सिसलॉग फाइल दिसेना आणि सिस्टमडीच्या जर्नलमधल्या नोंदी दाखवणारी जर्नलसीटीएल ही कमांड शिकणे भाग पडले.

लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचे हे जर्नल २०११ पासूनचे आहे. त्यातील प्रत्येक नोंद म्हणजे केवळ मजकुराची ओळ नसते. ती कोणत्या सेवेची, कोणत्या प्रोसेसची, कोणत्या युजरची आणि कोणत्या बूटमधली (म्हणजे सर्व्हर सुरू होण्यापासून बंद होईपर्यंतच्या कोणत्या फेरीतली), हे सारे तिच्यासोबत साठवलेले असते. ‘-ओ व्हर्बोज’ लावून एकच नोंद पाहिली की हे लगेच ध्यानात येते. म्हणूनच येथे शब्द शोधण्याआधी वेळ आणि सेवा ठरवावी, असे माझे ठाम मत झाले आहे. सुरुवातीचे दोन महिने मी जर्नलचा सगळा मजकूर पाइपमधून ग्रेपकडे ढकलत होतो आणि हे साधन संथ असल्याची तक्रार करत होतो, ती माझीच चूक होती.

एका सकाळी मालकांचा फोन आला, “रात्रीचा बॅकअप झालेला दिसत नाही, जरा बघा की.” मी ‘-पी एर’ लावून चुका तेवढ्या मागवल्या, तेव्हा सेवा सुरू होऊ शकली नाही एवढे सांगणारी सिस्टमडीची एकच ओळ मिळाली आणि कारणाचा कोठे पत्ता नव्हता. या पर्यायाने गांभीर्याच्या शून्य ते तीन या पातळ्यांच्या (आकडा जितका लहान तितकी नोंद गंभीर), म्हणजे एमर्जपासून एररपर्यंतच्या नोंदी मिळतात. परंतु एखादी स्क्रिप्ट पडद्यावर जे काही छापते, त्या साऱ्याला जर्नल सहावी, म्हणजे इन्फो पातळी देते, मग तो मजकूर कितीही गंभीर असो. पातळीची चाळणी काढून ‘-यू’ने बॅकअपची सेवा आणि ‘--सिन्स’ व ‘--अन्टिल’ने पहाटे दोन ते अडीच एवढाच काळ घेतला, तेव्हा सगळ्या मिळून चाळीसएक ओळी उरल्या. त्यांतही कारण लगेच दिसले नाही, कारण जर्नलसीटीएल आपला मजकूर लेस या पेजरमध्ये, म्हणजे पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडते आणि तेथे लांब ओळी पडद्याच्या उजव्या कडेला कापल्या जातात. उजवा बाण दाबत गेल्यावर, बॅकअपच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या टारच्या ओळीचे शेपूट दिसले : डिस्कवर जागा शिल्लक नाही. तेव्हापासून मी बहुतेक वेळा ‘--नो-पेजर’ लावतो आणि ‘-पी’चा वापर केवळ सकाळच्या धावत्या नजरेपुरता ठेवतो. सगळे ठीक आहे याचा पुरावा म्हणून ‘-पी’वर विसंबू नये.

वेळेच्या पर्यायांत एक खाच आहे. केवळ ‘२३:००’ असे लिहिले तर त्याचा अर्थ आजच्या रात्रीचे अकरा असा होतो. मध्यरात्र उलटून अर्धा तास झाल्यावर मी तसेच लिहिले, तर एकही नोंद मिळाली नाही आणि क्षणभर जर्नलच पुसले गेले असे वाटून पोटात गोळा आला. अशा वेळी तारखेसह पूर्ण वेळ लिहावी किंवा ‘-२एच’ असे मागचे दोन तास मागवावेत.

डेटाबेसचा सर्व्हर जुन्या डेबियन १० वर आहे आणि या साधनाची खरी किंमत मला त्याच्यावर कळली. पावसाळ्यात तो एका रात्री आपोआप रीस्टार्ट झाला. आदल्या बूटच्या नोंदी पाहण्यासाठी ‘-बी -१’ लावले, तर कायमस्वरूपी जर्नल सापडले नाही असे उत्तर आले. मूळ सेटिंगमध्ये व्हार या फोल्डरखालच्या लॉग फोल्डरात ‘जर्नल’ नावाचे फोल्डर असेल तरच नोंदी डिस्कवर टिकतात. ते नसेल तर त्या मेमरीत राहतात आणि रीस्टार्टबरोबर जातात. मी ते फोल्डर तयार केले, जर्नल लिहिणारी जर्नलडी ही सेवा पुन्हा सुरू केली आणि वाट पाहिली.

तीन आठवड्यांनी तसेच पुन्हा घडले. ‘--लिस्ट-बूट्स’ने प्रत्येक बूटची पहिली आणि शेवटची वेळ दाखवली आणि ‘-बी -१ -ई’ने थेट आदल्या बूटच्या अखेरीस नेले. कोणी रीतसर शटडाउन केले असते तर एकेक सेवा थांबल्याच्या ओळी ओळीने दिसल्या असत्या. येथे मात्र डेटाबेसची नेहमीची एक नोंद होती आणि तिच्यापुढे काहीच नव्हते. नव्या बूटच्या आरंभी, जर्नलची फाइल नीट बंद झालेली नव्हती म्हणून तिचे नाव बदलून नवी फाइल घेतली, अशी ओळही होती. म्हणजे वीज गेली होती आणि यूपीएसने साथ दिली नव्हती. वॉचमनच्या वहीत वीज ३ वाजून ५ मिनिटांनी गेल्याचे लिहिलेले होते, तर जर्नलमधली शेवटची ओळ ३ वाजून १ मिनिटाची होती. जर्नल साध्या नोंदी मूळ सेटिंगनुसार दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करते आणि क्रिटिकल किंवा त्याहून गंभीर नोंद आली तरच लगेच करते, त्यामुळे अशा घटनेत शेवटची काही मिनिटे हातची जाऊ शकतात. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्यानंतर हा प्रकार थांबला आहे.

चालू नोंदी पाहण्यासाठी ‘-एफ’ आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदींसाठी ‘-के’ हे पर्याय सरळ आहेत. ‘-जी’ने शब्द शोधताना सगळी अक्षरे लहान लिपीत लिहिली तर लहान-मोठ्याचा भेद केला जात नाही आणि एक जरी मोठे अक्षर आले तर केला जातो. जागेची चिंता फारशी करावी लागत नाही, कारण जर्नल स्वतःला फाइल सिस्टमच्या दहा टक्क्यांवर, आणि फार तर ४ जीबीवर, रोखून धरते. ‘--व्हॅक्यूम-टाइम’ने जुन्या नोंदी काढताना सोबत चालू फाइल बंद करून नवी उघडणारे ‘--रोटेट’ द्यावे, कारण चालू फाइलला ‘--व्हॅक्यूम-टाइम’ हात लावत नाही.

जर्नल बायनरी, म्हणजे साध्या मजकुरासारखे थेट वाचता न येणारे, असल्याने सर्व्हरच उठला नाही तर ते वाचायचे कसे, ही माझी शेवटपर्यंतची शंका होती. गेल्या महिन्यात बॅकअपच्या मशीनचा मदरबोर्ड गेला. त्याची डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि ‘-डी’पुढे तिच्यातल्या जर्नलच्या फोल्डरचा मार्ग दिला. ‘-यू’ आणि ‘--सिन्स’ लावून आदल्या रात्रीचा बॅकअप पहाटे २ वाजून १८ मिनिटांनी पूर्ण झाल्याची ओळ मिळाली आणि मालकांना मी तसे लगेच फोनवर कळवले.