दांडिया बाजारातली खोली की सयाजीगंजातलं छात्रालय?

बारावीचे निकाल लागले की आमच्या घरी खानदेशातून फोन सुरू होतात. अमळनेर, नंदुरबार, दोंडाईचा. ताप्ती लाइनची गाडी सुरतेला आणून सोडते, तिथून बडोदं हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पुण्याला न जाता इकडे येणारी दोन-चार मुलं दर वर्षी निघतातच. यंदा भाच्याचा नंबर लागला, इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. "मामा, अ‍ॅडमिशनचं पक्कं झालं. आता राहायचं कुठे, ते सांग."

मी दोन्हीकडे राहिलोय. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष जुन्या गावातल्या दांडिया बाजारात एका मराठी आजींकडे पेइंग गेस्ट म्हणून काढलं, पुढची दोन वर्षं विद्यापीठाजवळ सयाजीगंजच्या बाजूला एका ट्रस्टच्या छात्रालयात, म्हणजे वसतिगृहात. भाड्याचे आकडे देत नाही, ते दर वर्षी बदलतात. खोलीत पंखा, खाट, कपाट आहे का, हे तुम्ही विचारालच. जे विचारायचं सुचत नाही, ते सांगतो.

आधी आजींकडचं. जुना वाडा, पुढच्या खोलीत कड्यांचा झोपाळा, वर जायला अरुंद लाकडी जिना आणि वरच्या खोलीत आम्ही दोघं. आजींची चौथी पिढी बडोद्यात, त्यामुळे मराठी अस्सल बडोदेकरी. "बारणं लोटून घे रे, कबूतरं शिरतात." पहिल्याच दिवशी मी बारणं म्हणजे काय ते शोधत उभा राहिलो. बारणं म्हणजे दार. जेवण घरचं, पोळी तव्यावरून ताटात. आमटीत गूळ मात्र गुजराती हातानं पडायचा. खानदेशी जिभेला ते पचायला दोन महिने लागले. मुंज-लग्नाला आम्हालाही पंगतीला बसवायचे. पहिल्यांदा घर सोडून आलेल्या मुलाला हे किती लागतं, ते रविवारी संध्याकाळी कळतं.

आणि जुन्या गावात राहण्याची मजा वेगळीच. सूरसागर तलाव पायी, रावपुरा पायी, मांडवीची सेंट्रल लायब्ररी चालत वीस मिनिटांवर. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये सुरू केलेल्या या ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खालून बुटांचे तळवे दिसतात. मराठी पुस्तकंही भरपूर. गणपतीत तर दांडिया बाजार सोडून दुसरीकडे राहणं म्हणजे पापच. चाचणी परीक्षा त्याच सुमारास येते आणि लाउडस्पीकर खिडकीखालीच असतो, हे आलंच.

दहाला दार बंद होतं म्हणून बरीच मुलं अशी घरं टाळतात. मला त्याचा फारसा त्रास झाला नाही. नवरात्रात मुलं गरबा खेळून मध्यरात्रीनंतर परततात, ते आजींना पक्कं ठाऊक होतं. त्या नऊ रात्री त्या स्वतःच झोपाळ्यावर जाग्या असायच्या आणि कुठला गरबा चांगला झाला ते विचारायच्या.

मग सोडलं का? दुपारमुळे.

आमची लेक्चरं पावणेबाराला संपायची आणि प्रॅक्टिकल अडीचला. मधे पावणेतीन तास. कागदावर ही चैन वाटते. सायन्स फॅकल्टीपासून दांडिया बाजार माझ्या सायकलीनं पंधरा-अठरा मिनिटं: काळाघोडा, विश्वामित्री नदीचा पूल, कोठी, मग जुन्या गावाची गर्दी. सकाळी साडेसातला हा रस्ता इतका सुरेख असतो की खोली बघायला आलेला माणूस भाळतोच. दुपारी बाराला त्याच पुलावर सायकलीचं हँडल हाताला चटका देतं. घरी पोचावं, तर आजींचा नैवेद्य व्हायचा असायचा. तोवर ताट नाही. चतुर्थी, एकादशी असली तर आणखी उशीर. एकला पान वाढलं जायचं, आणि गरम पोळी, वरण-भात, वर साजूक तूप खाऊन ज्याला पावणेदोनला परत उन्हात निघावंसं वाटेल तो मुलगा मी नव्हे. "दहा मिनिटं पडतो" म्हणून आडवा व्हायचो आणि चहाच्या कपबश्या वाजल्या की जाग यायची. साडेचार.

पहिल्या सहामाहीत केमिस्ट्रीची किती प्रॅक्टिकलं अशी झोपेत गेली ते मी मोजलं नाही. जर्नलनं मोजलं. डिसेंबरात सह्या घ्यायला बसलो तेव्हा टायट्रेशनची लागोपाठ तीन पानं कोरी होती. ब्युरेट (थेंबथेंब द्रव सोडायची नळी) धरायचा सराव नसल्यानं परीक्षेत एका थेंबानं रंग हवा त्यापेक्षा गडद गुलाबी झाला तो झालाच. दुपारी घरी न जाता विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसावं, असं म्हणणं सोपं आहे. मी दोन आठवडे करून पाहिलं. डबा हवा असायचा, आणि आजींच्या मते घर जवळ असताना डबा नेणं म्हणजे घरच्यांशी भांडण झाल्याची दवंडी. बाहेर सेव-उसळ खाल्ली तर संध्याकाळी घरी विचारणा. प्रेमानंच व्हायची, पण व्हायचीच.

छात्रालयात हा प्रश्न उरलाच नाही. मेसमध्ये साडेबाराला थाळी, खोलीत येऊन अ‍ॅप्रन खुंटीवर, वीस मिनिटं डोळे मिटायचे. सव्वादोनला शेजारच्या खाटेवरचा भावनगरचा मुलगा पाय ओढून उठवायचा. दोघंही त्याच बॅचला, त्यामुळे तो मला झोपू देणार नव्हता आणि मी त्याला. बाकी शिस्तीचं माझं कौतुक कुणी करू नये. अभ्यास त्या दोन वर्षांत बरा झाला तो एवढ्यावर.

छात्रालय स्वर्ग आहे असं मात्र नाही. ढेकूण होते. गाद्या उन्हात टाकल्या, खाटांच्या फटीत रॉकेल ओतलं, तरी होतेच. सकाळी सातला न्हाणीघरापुढे बादल्यांची रांग. मेसचे महाराज, म्हणजे आचारी, डाळीत इतका गूळ घालायचे की आजींची आमटी आठवून डोळे भरून यायचे. रविवारी रात्री मेस बंद. खोकला झाला तर काढा करून देणारं कुणी नाही. आणि एकटं वाचायला जागा नाही, त्यासाठी लायब्ररीच गाठावी लागते. ती जवळ असते, हे त्यातल्या त्यात सुख.

एक फायदा मला उशिरा कळला. विद्यापीठात शिकवणं इंग्रजीतून, त्यामुळे वर्गात गुजरातीवाचून अडत नाही. अडतं ते रिक्षावाल्याशी, झेरॉक्सच्या दुकानात, क्रिकेटच्या मैदानावर. आजींकडे वर्षभर मराठीत राहून मला "केटला थया?" पलीकडे काही येत नव्हतं. छात्रालयात तीन महिन्यांत भांडता येऊ लागलं.

आता कुणासाठी काय. हे माझं मत, आणि माझ्या झोपेवर बेतलेलं आहे, तेव्हा जपून घ्या. इंजिनिअरिंगला प्रवेश असेल तर चित्र उलटं आहे. ती फॅकल्टी कलाभवनात, 1890 मध्ये सुरू झालेली संस्था, आणि दांडिया बाजारातून चालत जाण्याजोगी. संगीत-नृत्य-नाट्याची फॅकल्टीही सूरसागराजवळ. या मुलांना दुपारी घरी जेवून परत येता येतं, त्यांनी आजी शोधावी. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, फाइन आर्ट्स हे सगळं सयाजीगंज-प्रतापगंजच्या बाजूला. तिथे मी छात्रालयाकडे झुकेन. फार आजारी पडणारं मूल असेल, किंवा घराबाहेर कधी राहिलंच नसेल, तर पहिलं वर्ष घरगुती खोलीत काढायला माझी हरकत नाही. मीही तसंच केलं आणि त्या वर्षाबद्दल आजींचा ऋणी आहे.

कुठेही घेतलीत तरी तळमजला नको. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री फुगली तेव्हा सयाजीगंज, फतेगंज भागांत पाणी शिरलं आणि नदीतल्या मगरी वस्तीत आल्या. पुलावरची वाहतूक बंद झाली की जुन्या गावातला मुलगा घरीच अडकतो, हेही ध्यानात ठेवा.

छात्रालयांच्या याद्या बहुधा प्रवेशानंतर लागतात आणि पहिल्या यादीत नाव नसलं तरी पुढे जागा होतात, कारण काही मुलं दिवाळीच्या सुट्टीत गेली की परत येत नाहीत. तेव्हा खोली घेताना अकरा महिन्यांच्या करारावर लगेच सही करू नका. महिन्याच्या नोटिसीवर सोडता येईल का आणि डिपॉझिट किती परत मिळेल, हे घरमालकांशी आधीच बोलून कागदावर घ्या. आजींशी असं बोलायला अवघड वाटतं. मला वाटलं होतं, मी बोललो नाही, आणि एक महिन्याचं भाडं सोडलं.

आणि खोली बघायला सकाळी जाऊ नका. दुपारी बाराला फॅकल्टीच्या गेटपासून सायकल काढा, खोलीपर्यंत जा, पाणी प्या आणि पावणेदोनला परत निघून दाखवा. भाच्याला मी येत्या शनिवारी हेच करायला लावणार आहे. सायकल माझीच देईन, ती अजून आहे.