नातेवाइकांची गाडी आणि तीन दिवसांचा विमा

ब्रिटनमध्ये तासांच्या किंवा दिवसांच्या हिशेबाने मिळणारा तात्पुरता मोटारविमा मी आजवर तीन वेळा घेतला आहे, आणि त्यांपैकी शेवटचा अनुभव सविस्तर लिहिण्याजोगा वाटला म्हणून हा अभिप्राय. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या विम्याविषयी लिहायचे आहे. पाचपैकी साडेतीन गुण मी देईन; दीड गुण का कापला ते पुढे येईलच.

प्रसंग साधा होता. लंडनमध्ये हॅरो येथे राहणाऱ्या माझ्या मावशीच्या यजमानांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांना रुग्णालयातून घरी आणणे, पुढच्या दोन दिवसांत पट्टी बदलायला आणि तपासणीला नेणे, ही कामे माझ्याकडे आली. माझी स्वतःची गाडी दोन दरवाज्यांची आणि बुटकी असल्यामुळे न वाकणारा गुडघा तीत बसवणे अशक्यच होते. काकांची उंच, ऑटोमॅटिक गाडी मात्र दारातच उभी होती. मावशीने किल्ली हातात ठेवली आणि म्हणाली, "अरे, घरचीच गाडी आहे. परक्याची आहे का, की एवढा विचार करतोस?"

विचार करण्याचे कारण असे की भारतात विमा प्रामुख्याने गाडीच्या मागे चालतो, तर ब्रिटनमध्ये तो गाडी आणि चालक या जोडीचा असतो. आपल्याकडे सर्वसाधारण पॉलिसीतील चालकाविषयीच्या कलमात वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने बसते, म्हणून पुण्यात मामाची गाडी घेऊन निघताना विम्याचा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य कौटुंबिक पॉलिसीवर ज्यांची नावे लिहिली आहेत तेवढ्यांनीच ती गाडी चालवायची. योगायोग म्हणजे दोन्ही देशांचे सध्याचे मूळ कायदे १९८८ सालचेच आहेत. ब्रिटनच्या रोड ट्रॅफिक ॲक्टचे १४३ वे कलम विम्याशिवाय गाडी रस्त्यावर वापरणाऱ्याला तर दोषी ठरवतेच, पण तशी वापरू देणाऱ्यालाही ठरवते. म्हणजे मी निघालो असतो तर माझ्याबरोबर बिछान्यावर पडलेले काकाही गुन्ह्याचे धनी झाले असते. पोलिसांनी जागेवर कारवाई केली तर ३०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ दंडगुण (पेनल्टी पॉइंट्स). प्रकरण न्यायालयात गेले तर दंडाला कमाल मर्यादा नाही आणि वाहन चालवण्यास बंदीही होऊ शकते. शिवाय गाडी तिथल्या तिथे जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना आहे. पहिला पूर्ण परवाना मिळून ज्यांना दोन वर्षे झालेली नाहीत अशा नवख्या चालकांसाठी तर हे ६ दंडगुण म्हणजे परवाना रद्द होऊन पुन्हा परीक्षा. "पकडणार कोण?" या प्रश्नालाही आता अर्थ उरलेला नाही, कारण नंबरपाटी वाचणारे कॅमेरे विम्याच्या राष्ट्रीय नोंदणीशी जोडलेले आहेत.

माझा एक गैरसमज मात्र इथे कबूल करतो. माझ्या स्वतःच्या गाडीचा सर्वसमावेशक विमा आहे, म्हणून दुसऱ्याची गाडीही आपल्याला चालवता येते, अशी माझी कित्येक वर्षांची समजूत होती. "ड्रायव्हिंग अदर कार्स" नावाची सवलत काही पॉलिसींत असते हे खरे. पण ती आपोआप मिळत नाही, प्रमाणपत्रावर तसे लिहिलेले असावे लागते. जिथे असते तिथेही ती सहसा फक्त पॉलिसीधारकाला मिळते, तरुण चालकांना बहुधा नाकारली जाते आणि तिच्यात केवळ त्रयस्थाचे नुकसान भरून मिळते. काकांच्या गाडीला मी ओरखडा काढला तर तो खर्च माझ्या खिशातून. त्या रात्री मावशीच्या स्वयंपाकघरात बसून मी प्रमाणपत्र पहिल्यांदा नीट वाचले आणि ते वाक्य त्यात नव्हतेच.

दुसरा मार्ग होता काकांच्या वार्षिक पॉलिसीवर माझे नाव तात्पुरते चढवण्याचा. त्यांच्या विमा कंपनीला फोन केला, तेव्हा वाढीव हप्ता आणि वर बदलाचे शुल्क सांगितले गेले. पण खरी अडचण पैशाची नव्हती. माझ्या हातून अपघात झाला असता तर क्लेम काकांच्या पॉलिसीवर लागला असता आणि त्यांनी अनेक वर्षे जपलेला नो-क्लेम बोनस घसरला असता. तात्पुरता विमा ही चालकाच्या नावावरची स्वतंत्र पॉलिसी असल्यामुळे मालकाचा बोनस सुरक्षित राहतो. माझ्या मते या उत्पादनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि जाहिरातींत मात्र सगळा भर "काही मिनिटांत विमा" यावर दिलेला असतो.

काही मिनिटांत मिळतो, हेही खरे. ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकताच तिची कंपनी, मॉडेल आणि वर्ष समोर आले. परवान्याचा क्रमांक, व्यवसाय, मागील अपघात आणि दंडगुण, गाडीची अंदाजे किंमत, ती रात्री कुठे उभी असते आणि मालकाशी नाते काय, एवढे प्रश्न होते. तीन दिवसांसाठी ५८ पौंड झाले. त्यात विमा हप्त्यावरचा १२ टक्के कर आला. दर दिवसाचा विचार केला तर हे महाग आहे, माझ्या वार्षिक विम्याच्या मानाने फारच. परंतु टॅक्सीच्या सहा फेऱ्या आणि प्रत्येक वेळी गुडघा आत घेण्याची कसरत यांच्यापुढे मला ते रास्त वाटले.

मालकाच्या संमतीबद्दल ॲपने केवळ एका चौकोनात खूण करायला सांगितली. काकांना ना संदेश गेला ना मेल. एवढ्या काटेकोर देशात ही ढिलाई मला विचित्र वाटली. याउलट वापराच्या अटीविषयी ॲप कडक होते, आणि तो कडकपणा बारीक अक्षरांत दडवलेला होता. मी निवडलेला प्रकार घरगुती आणि वैयक्तिक वापराचा होता. काकांना रुग्णालयात नेणे त्यात बसत होते, पण तिथून तीच गाडी घेऊन स्वतःच्या कचेरीत जाणे बसत नव्हते. नेहमीच्या कामाच्या जागी ये-जा करण्याचा वापर वेगळा निवडावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी तसे करण्याच्या बेतात होतो. अट वाचली म्हणून बेत रद्द करून रेल्वेने गेलो. एक्सेस, म्हणजे क्लेमच्या वेळी आपण स्वतः सोसायची रक्कम, ५०० पौंड होती आणि ती पैसे भरण्याच्या आधीच्या शेवटच्या पानावर दिसली. हा अर्धा गुण मी तिथेच कापला.

पहिल्या सकाळी विमा आठ वाजता सुरू होणार होता आणि आम्ही सात चाळीसला तयार होतो. मावशी डब्यात उपमा भरून मागे बसलेली, मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेलो, आणि गाडी घराच्या आवारात स्तब्ध. वीस मिनिटे आम्ही तशीच काढली. मावशीला हे सगळे सोवळेओवळे वाटत होते, आणि तसे ते होतेही. प्रमाणपत्रावर तारखेबरोबर तास आणि मिनिट छापलेले असते आणि सात एकोणसाठ म्हणजे विनाविमा. सुरुवातीची वेळ निवडताना थोडी आधीची घ्यावी, एवढे शहाणपण मला त्या वीस मिनिटांनी दिले.

उरलेला एक गुण मुदतवाढीचा. काकांना रुग्णालयाने एक दिवस उशिरा सोडले, त्यामुळे मला चौथा दिवस हवा होता. चालू पॉलिसी पुढे वाढवण्याची सोय ॲपमध्ये नव्हती. सगळे प्रश्न पुन्हा भरून चौथ्या दिवसापुरती नवी पॉलिसी घ्यावी लागली आणि तिचे २९ पौंड पडले. पहिला दिवस वाया गेला होता, तरी त्याचे पैसे परत मिळत नाहीत, असे ग्राहक सेवेतील बाईंनी नम्रपणे सांगितले. नियमात तसे लिहिलेले होते, हे मान्य. पण रुग्णालयाचा वेळ कुणाच्या हातात असतो? तारीख पक्की नसेल त्यांनी सुरुवातीलाच एखादा दिवस जास्त घ्यावा, सुटा दिवस महाग पडतो.

भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते आणि तो परवाना थेट बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. मात्र कायद्याने गाडी चालवता येणे आणि विमा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी वापरलेल्या ॲपमध्ये पूर्ण ब्रिटिश परवान्याशिवाय पुढचे पानच उघडत नव्हते. काही कंपन्या परदेशी परवाना स्वीकारतात, त्यामुळे भाच्याच्या हातात किल्ली देण्यापूर्वी तेवढी चौकशी करून घ्यावी.

चौथ्या दिवशी माझी पॉलिसी रात्री आठला संपली. तपासणीहून परतताना आवारात शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची गाडी उभी होती, म्हणून काकांची गाडी मी समोरच्या रस्त्यावर लावली होती. पाहुणे साडेआठला गेले. आता गाडी जेमतेम तीस फूट हलवायची, पण मधला तुकडा सार्वजनिक रस्त्याचा आणि माझा विमा अर्ध्या तासापूर्वी संपलेला. काकांचा पाय उशीवर. तेव्हा काकांनीच आठवण करून दिली की त्यांच्या पॉलिसीवर दुसरे नाव मावशीचे आहे. हप्ता कमी होतो म्हणून ते दरवर्षी लिहिले जाई. मावशीने मात्र मोठ्या चौकांची धास्ती घेऊन सहा वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तिने चष्मा बदलला, सीट पुढे ओढली, मला "तू बाहेर उभा राहा आणि नुसता बघ" असे बजावले आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी आवारात सरळ आणून उभी केली.