पॅलो ड्युरो की डिअर लॉज? जुन्या रँचरचं आयुष्य बघायला कुठे जावं

काउबॉय सगळ्यांच्या ओळखीचा असतो, रँचर तेवढा नसतो. काउबॉय पगारी माणूस. गुरं कुणाची, कर्ज कुणाच्या नावावर, थंडीत कळप दगावला तर घर कुणाचं बुडालं, हे विचारलं की जो पुढे येतो तो रँचर, म्हणजे गुरं पाळायच्या रँचचा मालक. अमेरिकेत राहणारी ओळखीची मराठी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विचारतात की मुलांना अशा माणसाची जागा दाखवायची तर टेक्सासच्या पॅलो ड्युरोला जावं की मोंटानाच्या डिअर लॉजला. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. एकाच फेरीत दोन्ही होत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

टेक्सासमध्ये बघायचा तो चार्ल्स गुडनाईट. जन्म 1836 चा. 1866 मध्ये ऑलिव्हर लव्हिंग या जोडीदाराबरोबर त्याने सुमारे 2,000 गुरं पेकोस नदीच्या काठाने न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरपर्यंत हाकत नेली. त्याच वर्षी त्याने सैन्याची जुनी घोडागाडी विकत घेऊन मागच्या बाजूला कप्प्यांचं लाकडी कपाट बसवलं. पीठ, कॉफी, बीन्स, औषधं, सगळं त्यात. कपाटाचं झाकण खाली पाडलं की तोच स्वयंपाकाचा ओटा. गुरं हाकणाऱ्यांचं चालतं स्वयंपाकघर, चक वॅगन, ती हीच.

मोंटानात बघायचा तो कॉनरॅड कोअर्स. 1835 मध्ये आताच्या जर्मनीतल्या होल्स्टाइन प्रांतात जन्मलेला, धंद्याने खाटीक. सोनं मिळेल म्हणून मोंटानात आला आणि खाणवाल्यांना मांस विकण्यात जास्त पैसा आहे हे त्याने ओळखलं. 1866 मध्ये त्याने डिअर लॉजची रँच जॉनी ग्रांटकडून 19,200 डॉलरला घेतली. या ग्रांटचा धंदा मला फार आवडतो. ऑरेगॉनकडे निघालेल्या लोकांची जनावरं चालून चालून खंगलेली असत. ग्रांट त्यांना एक धष्टपुष्ट जनावर द्यायचा आणि बदल्यात दोन थकलेली घ्यायचा. ती दोन हिवाळाभर चरून धडधाकट झाली की पुढच्या वर्षी त्यांच्या बदल्यात चार. डिअर लॉजचा कळप असा नुसत्या गवतावर वाढला.

आता जागा. पॅलो ड्युरो ही अमारिलोजवळची लाल मातीची प्रचंड दरी, सुमारे 120 मैल लांब. वरच्या सपाट माळावर गाडी चालवताना तिची चाहूलही लागत नाही, एकदम जमीन संपते आणि खाली दरी दिसते. गुडनाईट 1876 मध्ये कोलोरॅडोहून सुमारे 1,600 गुरं घेऊन इथे आला. घोडागाडी उतरवायला वाट नव्हती, म्हणून तिचे भाग सुटे करून खेचरांवरून खाली नेले. तळाशी उभं राहिलं की त्याने हीच जागा का निवडली ते कळतं. शेकडो फूट उंच कडे म्हणजे फुकटचं कुंपण आणि वाऱ्याला आडोसा, तळाला नदीचं पाणी. त्या आडोशाचं मोल पुढे कळलं: 1886 च्या जानेवारीतल्या हिमवादळात वरच्या माळावरची गुरं वाऱ्याला पाठ करून दक्षिणेकडे सरकत गेली, तिथल्या सुमारे 200 मैलांच्या तारेच्या कुंपणाला अडली आणि तिथेच ढिगांनी मेली.

पण ही दरी रिकामी नव्हती. ती कोमांची, कायोवा आणि शायान या मूळनिवासी लोकांची हिवाळ्याची जागा. 28 सप्टेंबर 1874 ला कर्नल मॅकेन्झीच्या अमेरिकन सैन्याने त्यांच्या छावण्यांवर हल्ला केला, 1,400 हून जास्त घोडे पकडले आणि जवळच्या ट्यूल कॅन्यनमध्ये नेऊन त्यातले हजारेक गोळ्या घालून मारले. घोडे गेल्यावर शिकार नाही की स्थलांतर नाही, लोक पायी सरकारने नेमून दिलेल्या राखीव प्रदेशाकडे गेले. दोनच वर्षांनी गुडनाईट आला आणि त्याने जमिनीत खणून पहिलं घर केलं. त्या घराच्या छताचे वासे कोमांचींच्या सोडून दिलेल्या तंबूंचे होते. तशा घराची प्रतिकृती आता दरीतल्या स्टेट पार्कमध्ये आहे. तिच्यासमोर मुलांना ही गोष्ट सांगा, कितीही लहान असली तरी सांगा. ती वगळून रँचरचं कौतुक करणं मला अर्धवट वाटतं.

डिअर लॉजला असा अंगावर येणारा देखावा नाही. हिरवं खोरं, मागे डोंगर, पांढरं घर, कोठारांची रांग. मात्र बाकी सगळं जागच्या जागी आहे, आणि ते टेक्सासमध्ये मिळत नाही. फर्निचर, बग्ग्या, काउबॉयच्या झोपायच्या खोल्या, जनावरं अडवायचे कठडे, सगळं तिथलंच. कोअर्सच्या नातवाने, मुलीच्या मुलाने, जपलं आणि 1972 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. सुमारे 1,600 एकरांवर आजही गुरं चरतात. उन्हाळ्यात चक वॅगनपाशी रेंजर, म्हणजे स्मारकाचे कर्मचारी, विस्तवावरची काळी कॉफी देतात, घर त्यांच्याबरोबरच बघायचं, प्रवेशाला पैसे नाहीत. चाऱ्याची गंजी रचायची उंच लाकडी घसरगुंडी तिथे आहे. दोर ओढला की चारा वर चढतो आणि पलीकडे पडतो. माझा मुलगा तिथून हलायला तयार नव्हता.

त्या चाऱ्याचं मोल कळायला 1886-87 चा हिवाळा माहीत हवा. आधीचा उन्हाळा कोरडा, कुरणांवर गुरं आधीच जास्त. मग बर्फ, मधेच थोडी ऊब, बर्फ वितळलं आणि पुन्हा गोठून कुरणांवर कडक पापुद्रा बसला. गवत खाली, तोंड वर. पापुद्रा फोडताना जनावरांच्या पायांची कातडी सोलून निघायची. मोकळ्या कुरणांवरचे कित्येक कळप निम्म्याहून जास्त संपले. कोअर्सलाही जबर फटका बसला. ब्यूट गावच्या ए. जे. डेव्हिस या बँकवाल्याने काही तारण न घेता त्याला एक लाख डॉलर दिले, आणि कोअर्सने ते फेडले. पुढे भरभराटीच्या काळात त्याची 50,000 पर्यंत गुरं चार राज्यांत आणि कॅनडात मिळून कोटभर एकरांवर चरत. त्यातला फार थोडा भाग त्याच्या मालकीचा होता. गवत सरकारचं, गुरं त्याची. शेतकरी येऊन कुंपणं घालू लागल्यावर तो काळ संपला.

गुडनाईटचा हिशोब वेगळा. पैसा जॉन अडेअर या आयर्लंडच्या जमीनदाराचा, राबणं याचं. 1877 च्या कराराप्रमाणे त्याला वर्षाला 2,500 डॉलर पगार, आणि पाच वर्षांनी वाटणीत एक तृतीयांश. रँचला नावही अडेअरच्याच आद्याक्षरांचं मिळालं, जेए. 1885 च्या सुमारास तिच्याकडे 13 लाख 25 हजार एकर आणि लाखावर गुरं होती. तरी पुढे मेक्सिकोतल्या खाणीत गुडनाईटचा पैसा बुडाला.

बायकांचं आयुष्य बघायचं असेल तर निवड आणखी अवघड होते. ऑगस्टा कोअर्स 1868 मध्ये 19 व्या वर्षी लग्न करून डिअर लॉजला आली, आल्या आल्या तिने स्वयंपाक्याला रजा दिली आणि चूल ताब्यात घेतली. साबण, मेणबत्त्या, दूधदुभतं सगळं तिच्याकडे. 1901 मध्ये एकुलता मुलगा कॉलेजात असताना गेला. त्याच्या नावाचं वाचनालय गावात आहे. तिची भांडी, तिचं जेवणाचं टेबल बघता येतं.

मॉली गुडनाईटचं दरीतलं असं काही उरलेलं नाही. एका काउबॉयने तिला पोत्यातून तीन कोंबड्या आणून दिल्या. खायला आणलेल्या, पण तिने त्या मारल्या नाहीत. महिनोन्‌महिने दुसऱ्या बाईचं तोंड दिसायचं नाही, आणि त्या कोंबड्या तिच्या मागे मागे फिरायच्या, ती त्यांच्याशी बोलायची. मला त्या दरीत कडे बघताना सारखी तीच आठवत होती. शिकाऱ्यांनी मारलेल्या बायसनची, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांची, अनाथ पिल्लं 1878 पासून तिच्याच आग्रहाने पाळली गेली. त्यांचे वंशज आज कॅपरॉक कॅन्यन्स स्टेट पार्कमध्ये मोकळे चरतात. पॅलो ड्युरोहून दीड-दोन तास, पण जाच.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टच्या रँचमुळे नॉर्थ डकोटाचं नाव काहीजण सुचवतात. तिथे निसर्ग सुंदर आहे, पण तो न्यूयॉर्कहून येऊन-जाऊन असणारा माणूस. रँचरचं आयुष्य तिथे फारसं हाती लागत नाही.

माझं मत विचाराल तर दहा-बारा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर डोळे मिटून डिअर लॉज. यलोस्टोनहून ग्लेशियरला जाताना ते वाटेत घेता येतं, मिझुलापासून साधारण 80 मैल. अर्धा दिवस पुरतो. टेक्सासला दोन दिवस हवेत, पार्कला तिकीट आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरीच्या तळाशी ऊन इतकं तापतं की मुलांना घेऊन चालायला जाऊच नये. मोठी माणसं असाल आणि ऑक्टोबरमध्ये निघू शकत असाल, तर मात्र मी पॅलो ड्युरोच सांगेन.

डॅलसहून निघालात तर थोडी वाट वाकडी करून वेदरफर्डला थांबा. तिथे बोस आयकर्डची कबर आहे. गुलामीत जन्मलेला हा काळा काउबॉय चार वर्षं गुडनाईटबरोबर गुरं हाकत होता, विक्रीची रोकड त्याच्याकडे असायची. 1929 मध्ये तो गेल्यावर नव्वदी ओलांडलेल्या गुडनाईटने त्याच्यासाठी शिळा बसवून घेतली. मग 287 नंबरच्या रस्त्याने अमारिलोकडे जाताना गुडनाईट गाव लागतं. तिथे त्याचं घर आहे आणि स्मशानात मॉली आणि तो शेजारी शेजारी आहेत. लोक कुंपणाच्या जाळीला गळ्यातले रुमाल बांधून जातात. आम्हीही एक बांधला, मॉलीच्या बाजूला.