एम.ए. फ्रेंच, दोन सेमिस्टरनंतर: बेळगावकडच्या मुलांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून एम.ए. फ्रेंचला जायच्या जवळच्या वाटा दोनच: चोर्ला घाट उतरून गोवा विद्यापीठ, नाहीतर पुणे. केंद्रीय विद्यापीठ हवं तर हैदराबादचं इफ्लू, पुदुच्चेरी किंवा दिल्लीचं जेएनयू. कुठेही गेलात तरी ही साहित्याची पदवी आहे, भाषेचा क्लास नव्हे. भाषा येते असं धरूनच पहिला तास सुरू होतो.

‘डेल्फ बी-२ झालंय’ (डेल्फ म्हणजे फ्रान्स सरकारची फ्रेंच भाषेची परीक्षा, बी-२ ही तिची एक पातळी) एवढ्यावर विसंबू नका. ती परीक्षा 100 पैकी 50 ला सुटते, आणि चारही भागांत 25 पैकी 5 मिळाले की भागतं. म्हणजे लेखनात 8 गुण पडूनही प्रमाणपत्र हातात येतं. एम.ए.ला मात्र जवळजवळ सगळी मदार लेखनावर. डेल्फच्या गुणपत्रिकेत लेखनाचा आकडा आधी बघा. तो 15 च्या खाली असेल तर प्रवेशाआधीचे चार-सहा महिने फक्त लिहिण्यात घाला.

खरी दमछाक होते ती ‘कोमाँतेर’मध्ये, म्हणजे दिलेल्या उताऱ्याच्या चिकित्सेत. तीन तासांच्या पेपरात पहिला अर्धा-पाऊण तास उत्तरपत्रिकेला हात लावायचा नाही. उतारा तीनदा वाचायचा: एकदा कोण कुणाशी बोलतंय ते पाहायला, एकदा क्रियापदांचे काळ अधोरेखित करायला, एकदा प्रतिमा आणि वाक्यांची लांबी तपासायला. मग एकच प्रश्न ठरवायचा, त्याला ‘प्रोब्लेमातीक’ म्हणतात, आणि त्याचं उत्तर दोन किंवा तीन भागांत बांधायचं. प्रत्येक परिच्छेदात आपलं विधान, उताऱ्यातले शब्द, लेखकाची युक्ती आणि तिचा परिणाम, हे चारही हवेत. गुण जातात दोन ठिकाणी. एक, उताऱ्याचा सारांश लिहून मोकळं होणं. दुसरं, पानभर लेखकपरिचय, बी.ए.ला त्याचे गुण मिळालेले असतात, म्हणून ती खोड सुटत नाही. कामूच्या 1942 च्या ‘लेत्राँजे’ या कादंबरीवर ‘नायक भावनाशून्य आहे’ एवढंच लिहिलं तर काहीच सिद्ध होत नाही. कादंबरीचा नेहमीचा ‘पासे सँप्ल’ (फक्त लेखनातला भूतकाळ) सोडून कामूने बोलण्यातला भूतकाळ, ‘पासे कोंपोझे’, घेतला, त्यामुळे वाक्यं एकमेकांना न चिकटता सुटी उभी राहतात, हे दाखवलं की मुद्दा उभा राहतो.

हा ‘पासे सँप्ल’ क्लासमध्ये वरवर उरकतात, आणि एकोणिसाव्या शतकातली कादंबरी त्याच्याशिवाय चालत नाही. तृतीय पुरुषाची रूपं तेवढी आधी घोका. असणे, करणे, येणे, पाहणे यांची सगळ्यात आधी. ‘पाहिलं’ आणि ‘जगतो’ या दोन्हींचं लेखी रूप एकच, व-इ-त, त्यामुळे घाईत अख्खं वाक्य उलटं लागतं.

मराठीचा फायदा अनपेक्षित जागी होतो. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणणाऱ्याला, आधी आलेल्या कर्माप्रमाणे कृदंत बदलण्याचा फ्रेंचमधला नियम जड जात नाही. उच्चारात मात्र अनुस्वार नडतो: आपण पुढे न् किंवा म् आणतो, फ्रेंचमध्ये स्वरच नाकातून जातो. कोकणीतही असे स्वर आहेत, म्हणून घरी कोकणी बोलणारी खानापूरकडची मुलं इथे सहज पुढे निघतात.

फ्रँकोफोन साहित्याचा, म्हणजे फ्रान्सबाहेरच्या फ्रेंच लेखनाचा, पेपर आपल्या भागातल्या मुलांनी चुकवू नये. घरची भाषा एक, सरकारी कागद दुसऱ्या भाषेत, हे इथे कुणी समजावून सांगावं लागत नाही. अल्जीरियाचा कातेब यासीन फ्रेंचमध्ये नाव कमावून 1970 नंतर बोलीअरबी नाटकाकडे का वळला, हा प्रश्न वर्गात सगळ्यात आधी सीमाभागातल्यालाच कळतो.

पुस्तकांवर सरसकट खर्च नको. जुनी संहिता ‘गालिका’ (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह) आणि विकिसोर्सवर फुकट आहे, जुन्या शब्दार्थांना ‘सेएनएर्तेएल’चा (CNRTL) ऑनलाइन कोश पुरतो. सतराव्या शतकातली नाटकं तेवढी टिपांसकट छापील घ्या.

कागदपत्रं: राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी असेल तर निकाल लागताच मायग्रेशनचा (विद्यापीठ बदलण्याच्या दाखल्याचा) अर्ज टाका. नाडकचेरीचे कन्नड दाखले इंग्रजी भाषांतरासह ठेवा. केंद्रीय विद्यापीठाला ओबीसी दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो, आणि राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही.

पुढे प्राध्यापकी करायची तर नेट आहेच: पहिला पेपर 50 प्रश्नांचा, फ्रेंचचा 100 चा, मिळून तीन तास. बंगळूर-पुण्याच्या कंपनीत फ्रेंच ग्राहकांशी बोलायची नोकरी एवढंच डोक्यात असेल, तर पक्कं बी-२ पुरे; त्यासाठी दोन वर्षं रासीन आणि मोंतेञसारखे जुने लेखक वाचू नका.