मुद्रांक शुल्कात कपात की प्रीमियममध्ये सवलत?

कोरोनाकाळात घरबांधणी उद्योगाने महाराष्ट्र सरकारकडे लावून धरलेल्या मागण्यांपैकी दोन मान्य झाल्या. मात्र दोन्ही सवलतींचा लाभ एकाच खिशात गेला नाही.

पहिली सवलत मुद्रांक शुल्काची. १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत शुल्कात तीन टक्क्यांची, तर त्यानंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांची कपात झाली. मुंबईत एक कोटीच्या सदनिकेवर पाच लाखांऐवजी आधी दोन आणि मग तीन लाख भरावे लागले. खरेदीदाराला हा फरक चलनावरच दिसत होता आणि ठरलेली मुदत असल्यामुळे रेंगाळलेले व्यवहारही मार्गी लागले.

दुसरी सवलत जानेवारी २०२१ मधली. सरकारने नेमलेल्या दीपक पारेख समितीच्या शिफारशीनुसार बांधकाम प्रीमियम २०२१ अखेरपर्यंत निम्मे करण्यात आले. जिना, लिफ्ट, लॉबी, फंजिबल चटईक्षेत्र (मूळ मर्यादेपलीकडे पैसे भरून मिळणारे जादा बांधकाम) आणि इमारतीभोवती नियमापेक्षा कमी सोडलेली मोकळी जागा यांसाठी विकासक महापालिकेला जी रक्कम भरतो, ती म्हणजे हे प्रीमियम. मुंबईत हा बोजा खरोखरच जड आहे, आणि तो कमी झाल्याने अडलेल्या प्रकल्पांना गती मिळू शकते, हा उद्योगाचा युक्तिवाद मला पटतो. परंतु विकासकाचा खर्च घटला म्हणून विक्रीची किंमत घटेलच असे नाही, कारण किंमत बाजार ठरवतो. म्हणूनच सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे ही सरकारने घातलेली अट मला सवलतीइतकीच महत्त्वाची वाटते. अशा अटीशिवाय महापालिकेच्या तिजोरीवर भार टाकू नये.